दोन फुटी टाकीत कोण कोणाबरोबर राहील? मासे निवडण्यापासून पाणी बदलण्यापर्यंत सगळं

नवीन टाकी घेतली की दुकानदार जो सेट बांधून देतो तो बहुतेक सगळीकडे सारखाच असतो. दोन गोल्ड फिश, दोन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन काळे शार्क आणि काच साफ करायला एक सकर. दिसायला मस्त, रंगीबेरंगी, पोरं खूश. महिन्याभरात त्यातले दोन-तीन उरतात आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं की आपल्याला मासे लाभतच नाहीत. लाभण्याचा काही संबंध नाही हो, हे मासे एकत्र राहूच शकत नाहीत. गोल्ड फिशला गार पाणी लागतं, १८ ते २३ डिग्री, आणि एंजलला २६ च्या आसपास. टायगर बार्ब दोनच असले की त्यांना दुसरा उद्योग नसतो, एंजलचे लांब पर कुरतडत बसतात. आणि तो काळा शार्क म्हणजे शार्क-बिर्क काही नाही, तो पंगास, आपल्याकडे हॉटेलात बासा म्हणून ज्याचं फिलेट ताटात येतं तोच, नदीत चार फुटांपर्यंत वाढतो. सकर पण फूट-दीड फूट होतो, आणि मोठा झाला की शेवाळं सोडून बाकी सगळं खातो.

दुकानात दिसतो तो मासा पिल्लू असतो, हे डोक्यात फिट्ट बसवा. विचारायचं ते "हा केवढ्याला" एवढंच नाही, "हा केवढा होतो" हे पण. आणि निवडायचा क्रम उलटा करा. आधी आपलं पाणी कसलं ते बघा, मग त्या पाण्यात आणि तेवढ्या टाकीत नीट राहील असा एकच मुख्य मासा ठरवा, आणि बाकीचे त्याला झेपतील असे घ्या. आवडले म्हणून प्रत्येकातले दोन-दोन उचलले की तिथेच गणित बिघडतं.

पाणी आधी बघा

महाराष्ट्रात बहुतेक शहरांत धरणाचं पाणी येतं ते साधारण मऊ असतं, आणि बोअरचं पाणी जड. लॅब वगैरे लागत नाही, नळाच्या तोटीवर आणि बादलीला पांढरा थर साचत असेल, साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणीच आवडतं, त्यात ते मजेत राहतात. निऑन टेट्रा, रासबोरा, छोटे गोरामी यांना मऊ पाणी बरं. बोअरच्या पाण्यात निऑन टाकून वर पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) कमी करायची औषधं ओतत बसू नका, त्याने पीएच वर-खाली होत राहतो आणि मासे त्यानेच दमतात. पाण्याला मासा जुळवा, माशाला पाणी नको.

यात एक गोची आहे जी उपनगरातल्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना लगेच कळेल. मार्च-एप्रिलमध्ये कॉर्पोरेशनचं पाणी कमी पडायला लागतं आणि टँकर सुरू होतात, टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं किंवा विहिरीचं, म्हणजे तुमच्या नळाला कालपर्यंत मऊ आणि आजपासून जड. अशा वेळी एकदम अर्धी टाकी बदलायची नाही, आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा टक्के असं थोडं थोडं बदला. वॉचमनला टँकर कधी आला ते विचारत जा, त्यालाही मजा वाटते. आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की क्लोरीन जास्त मारलेलं असू शकतं, नळ सोडल्यावर वास येतोच, तेव्हा अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलंय तसं मोजून घालायचं. बादली चोवीस तास उघडी ठेवली तरी साधा क्लोरीन उडून जातो, पण मी तरी दोन्ही करते.

टाकी केवढी

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं इंचात, आणि उत्तराला ६१ ने भागा, लिटर निघतात. २४ × १२ × १२ ची दोन फुटी टाकी म्हणजे साधारण ५६ लिटर, वाळू-दगड घातल्यावर आणि वर थोडी जागा सोडल्यावर खरं पाणी ४५ च्या आसपासच. ३६ × १५ × १८ ची तीन फुटी म्हणजे १६० लिटर, आणि काच-वाळू-स्टँड धरून वजन २०० किलोच्या वर जातं, त्यामुळे ती टीव्हीच्या युनिटवर ठेवायची गोष्ट नाही. छोटी टाकी सांभाळायला सोपी असं सगळ्यांना वाटतं पण उलट आहे, पाणी जेवढं कमी तेवढं ते लवकर बिघडतं. काचेचा गोल बाऊल तर घेऊच नका, कोणी गिफ्ट दिला तर त्यात मनीप्लांट लावा.

जागा खिडकीपासून लांब. ऊन थेट पडलं की आठ दिवसांत पाणी हिरवं. आणि हीटर-फिल्टरची वायर सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली लोंबेल अशी ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

मासे आणायच्या आधीचा महिना

सगळ्यात जास्त मासे इथे मरतात त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारी, रक्ताला ऑक्सिजन धरू देत नाही, म्हणून एअर पंपाचे बुडबुडे चालू असतात तरी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात. मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचा नायट्रेट करतात, तो बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि पाणी बदललं की तो निघून जातो. हे बॅक्टेरिया पाण्यात नाही तर फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर चिकटून राहतात, आणि नवीन टाकीत ते नसतातच. त्यांना जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

तर टाकी लावा, फिल्टर चालू करा, आणि माशांशिवायच रोज चिमूटभर खाणं टाकत राहा. ते कुजतं, अमोनिया होतो, बॅक्टेरिया वाढतात. घाई असेल तर ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला, हे अगदी विरजण लावल्यासारखं काम करतं. आणताना तो त्याच टाकीच्या पाण्यात भिजलेला ठेवायचा, सुकू द्यायचा नाही. अमोनियाचं आणि नायट्राइटचं टेस्ट किट घ्या, थेंबवालं, पट्ट्यांवर माझा फारसा विश्वास नाही. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागला की टाकी तयार. बोअरचं पाणी असेल तर अमोनियाची जास्तच काळजी घ्या, पीएच जास्त असला की तोच अमोनिया जास्त जहाल होतो.

आता मासे

जोड्या लावताना चार गोष्टी बघायच्या. तापमान आणि पाणी सारखं लागतं का, मोठेपणी एकाच्या तोंडात दुसरा मावतो का (मावत असेल तर एक दिवस तो खाल्ला जाणारच, स्वभाव कितीही गरीब असो), कोणाला कळप लागतो, आणि टाकीत कोण कुठल्या थरात राहतो. या शेवटच्या गोष्टीकडे लोक लक्ष देत नाहीत. सगळेच मासे मधल्या थरात फिरणारे घेतले की मधे गर्दी आणि वर-खाली रिकामं. वरती एक, मधे एक कळप, तळाला एक कळप, असं केलं की कमी माशांत पण टाकी भरलेली वाटते.

दोन फुटी टाकी आणि मऊ पाणी असेल तर माझी आवडती जमवाजमव सांगते. मधल्या थरात आठ चेरी बार्ब किंवा आठ हार्लेक्विन रासबोरा, दोन्हीपैकी एकच. तळाला सहा छोट्या कोरी, म्हणजे कोरीडोरास. आणि मुख्य मासा म्हणून एक हनी गोरामी. हनी गोरामी हा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, लाजाळू, दीड-दोन इंचाचा, आणि तो पोटाखालच्या लांब दोऱ्यासारख्या परांनी समोरची वस्तू चाचपत फिरतो, झाडाचं पान, दगड, नवीन आलेला मासा, सगळं हात लावून बघितल्यासारखं. तासभर बघत बसावं असं असतं ते. कोरींना बारीक गुळगुळीत वाळू लागते, टोकेरी खडीने त्यांच्या मिशा झिजतात. आणि "तळाचे मासे उरलेलं खातात" हा गैरसमज आहे, त्यांना बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या द्याव्या लागतात, रात्री लाईट बंद केल्यावर टाका म्हणजे वरचे मासे पळवणार नाहीत.

निऑन टेट्रा सगळ्यांनाच हवे असतात. घ्या, पण टाकी दोन-तीन महिने जुनी झाल्यावर, आणि आठ-दहा एकत्र. नवीन टाकीत ते सगळ्यात आधी जातात.

पाणी जड असेल तर गप्पी आणि प्लॅटी. गप्पी म्हणजे तेच, जे मलेरिया विभागवाले डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडतात, फक्त दुकानातले रंगीत शेपटीचे. इथे सरळ सगळे नर घ्या. नर-मादी घ्यायचेच असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर नर एकाच मादीला पळवून पळवून मारतात. आणि फक्त माद्या आणल्या तरी सुटका नाही, त्या नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवतात आणि दर महिन्याला पिल्लं घालत राहतात. सुरुवातीला ओळखीच्यांना वाटताना मजा येते, नंतर लोक तुमचा फोन घेत नाहीत. मॉली जरा मोठी होते, तिला तीन फुटी बरी.

फायटर हा वेगळाच प्राणी. दोन नर एकत्र कधीच नाही, गोरामीबरोबर नाही, लांब शेपटीच्या गप्पीबरोबरही नाही, त्याला तो दुसरा फायटरच वाटतो. तो हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून दुकानात डबीत जिवंत राहतो, पण राहतो आणि जगतो यात फरक आहे, पंधरा-वीस लिटर पाणी आणि २६ डिग्री द्या, त्याचा रंगच बदलतो. त्याच्या टाकीत देशी बदामाचं वाळलेलं पान घाला, ते रस्त्याकडेला झाडाखाली फुकट पडलेलं असतं, लाल-तपकिरी झालेलं घ्या, स्वच्छ धुवून. पाणी चहासारखं होतं, ते चांगलंच असतं.

एंजल घ्यायचे तर तीन फुटी आणि निदान अठरा इंच उंच टाकी, कारण ते उंचीने वाढतात. त्यांच्याबरोबर निऑन नको, पिल्लूपणी एकत्र शांत दिसतात आणि एंजल मोठे झाले की निऑन एकेक करून गायब होतात आणि माणूस फिल्टरमध्ये शोधत बसतो. ब्लॅक विडो टेट्रा पण नको, तो पर कुरतडतो. कोरी आणि लेमन टेट्रासारखे जरा आडवे टेट्रा चालतात. टायगर बार्ब हवेच असतील तर दहा-बारांची टोळी करा, म्हणजे ते आपापसात भांडत बसतात, आणि बरोबर संथ किंवा लांब परांचा कोणी नको.

ऑस्कर फूटभर होतो, फ्लॉवरहॉर्न एकटाच राहतो, त्यामुळे पहिल्या टाकीसाठी दोन्ही बाद.

आणि आता वास्तूवाले गोल्ड फिश, आठ सोनेरी आणि एक काळा. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण नऊ गोल्ड फिशना चार फुटी टाकी पण कमी पडते, हा मासा खातो तुडुंब आणि घाणही तेवढीच करतो. तीन फुटीत जाड्या अंगाचे दोन ठेवा, त्यांच्याबरोबर दुसरं कोणी नको, आणि फिल्टर दणकट घ्या. एवढं करून नऊच हवे असतील तर भिंतीवर चित्र लावा, बिचाऱ्यांचे हाल तरी होणार नाहीत.

आपल्या मातीतले मासे बघायचे तर झेब्रा डॅनिओ अगदी दणकट, नवशिक्यांना बेस्ट, सहा-आठ घ्या, पाणी कसलंही चालतं. केरळच्या घाटातला मिस केरळ म्हणजे डेनिसन बार्ब फार देखणा, पण चार-पाच इंच होतो, कळपात राहतो आणि त्याला वाहतं, थंडसर पाणी आणि चार फुटी टाकी लागते. आणि आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमधला झेब्रा लोच गोगलगाई खातो म्हणून लोक मागतात, पण तो धोक्यात आलेल्या माशांमध्ये गेलाय आणि त्यात जंगलातून पकडण्याचाही हात आहे, दुकानदाराला तो पैदास केलेला आहे का हे विचारा, उत्तर देता आलं नाही तर सोडून द्या.

निळे-गुलाबी-हिरवे फ्लोरोसंट रंग मारलेले विडो टेट्रा, काचेसारख्या माशांच्या अंगात सुईने घातलेले रंग, असले मासे घेऊ नका. रंग दोन-चार महिन्यांत उडतो आणि तोवर मासा टिकला तर नशीब.

दुकानात आणि घरी आणताना

दुकानात पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसलेला, पाठीवर ओरखडा असलेला, पोट आत गेलेला, कल्ले भराभर हलवणारा मासा नको. त्याच टाकीत एखादा मेलेला तरंगत असेल तर त्या टाकीतलं काहीच नको, कितीही स्वस्त देत असला तरी. आणि दुकानदाराला सांगा थोडं खाणं टाक, जो धावत येतो तो घ्या.

घरी आणल्यावर लाईट बंद करा, बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग पिशवी उघडून दर पाच-सात मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी आत घाला, असं अर्धा-पाऊण तास. मग मासा जाळीने काढून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. ते टाकीत कधीच ओतायचं नाही, रोग त्यातूनच येतात. पहिल्या दिवशी खाणं देऊ नका. आणि सगळे मासे एकाच रविवारी आणू नका, चार-पाच आणा, दोन आठवडे थांबा, मग पुढचे. जुन्या टाकीत नवीन मासे घालायचे असतील तर दोन ते चार आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा, स्पंज फिल्टर लावून.

दर आठवड्याचं काम

रविवारचा अर्धा तास. आधी हीटर बंद, कारण पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. मग पाईपने वाळूत खुपसून खुपसून पंचवीस ते तीसेक टक्के पाणी बादलीत काढायचं. सगळं पाणी काढून, दगड साबणाने धुवून, टाकी चकाचक करणारे लोक असतात, ते दर वेळी बॅक्टेरिया मारतात आणि मग दर वेळी मासे मरतात. काढलेल्या पाण्यातच फिल्टरचा स्पंज दोन-तीनदा पिळायचा, नळाखाली कधीच नाही, आणि तो तपकिरीच दिसला पाहिजे. उरलेलं पाणी कुंड्यांना, त्यात नायट्रेट असतो, झाडं खूश होतात. नवीन पाणी साधारण त्याच तापमानाचं, अँटी-क्लोरीन घालून, हळूहळू.

खाणं दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे कायम भुकेलेलेच दिसतात, त्यावर जाऊ नका, आणि आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही समजवा कारण ते गुपचूप पोळीचे तुकडे टाकतात. आठवड्यातून एक दिवस उपास, माझ्याकडे गुरुवार असतो. लाईट सहा ते आठ तास, त्यापेक्षा जास्त ठेवला की शेवाळं.

लाईट गेली तर चार तासांपर्यंत बहुतेक टाक्यांना काही होत नाही. जास्त वेळ गेली तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप ठेवा, नाहीतर मगाने पाणी उचलून वरून ओतत राहा, आणि खाणं अजिबात देऊ नका. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पाणी ३२ च्या वर जातं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, तेव्हा झाकण उघडून छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर लावा, दोन-तीन डिग्री सहज उतरतात. वर जाळी टाका, मासे उड्या मारतात. पाण्याची गार बाटली फ्रीजरमधून काढून थेट टाकीत सोडली तर एकदम झटका बसतो, ते टाळा. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर लागतोच, लिटरमागे साधारण एक वॅट, म्हणजे दोन फुटीला ५० वॅटचा पुरतो.

आजाराचं थोडक्यात. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे इक, थंडीत किंवा नवीन मासा आणल्यावर हमखास येतो. तापमान हळूहळू दोन दिवसांत ३० पर्यंत न्या, हवा वाढवा, ठिपके गेल्यावरही आठवडाभर तसंच ठेवा, आणि नाही उतरला तर औषध. कोरी आणि लोचना औषध आणि मीठ दोन्ही सोसत नाही, त्यांना अर्धा डोस. मिथिलीन ब्लू वेगळ्या टबमध्येच वापरा, मोठ्या टाकीत बॅक्टेरिया मरतात आणि काचेच्या जोडांमधलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. पण काहीही झालं तरी औषधाच्या आधी पाणी टेस्ट करा, बहुतेक वेळा आजार पाण्यातच असतो.

टाकी बंद करायची झाली किंवा सकर फार वाढला तर दुकानात परत द्या, कोणाला तरी द्या, पण नदीत-तलावात सोडून पुण्य मिळवायला जाऊ नका. सोडलेले सकर आता देशभरातल्या नद्या-तलावांत वाढतायत, त्यांच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही.

गणपतीला गावाला जायचं असेल तर चार-पाच दिवस मोठे मासे उपाशी राहिले तरी काही बिघडत नाही, पिल्लं असतील तर मात्र सोय करा. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, लाईट टायमरवर टाका. जास्त दिवसांसाठी शेजारच्या काकूंना सांगणार असाल तर एकेका दिवसाच्या कागदाच्या पुड्या करून त्यावर तारीख लिहून द्या, आणि खाण्याचा मुख्य डबा कपाटात कुलपात ठेवा, कारण काकूंना माशांची दया येतेच.